टोपलीची भिंत उभी करताना

बांबू कसा निवडावा यावर कुणीही तासभर बोलेल. माझं एवढंच: 3 वर्षांचा, हिवाळ्यात तोडलेला, लांब पेराचा घ्या. पावसाळ्यात तोडलेल्याला भुंगा लवकर लागतो. चिरा, सारख्या रुंदीच्या कामट्या काढा, आतला मऊ गर सुरीने तासा. 8 उभ्या, 8 आडव्या, एक वर एक खाली, बूड झालं.

आता टोकं मोजा. 32, म्हणजे सम. एकाच पट्टीने गोल विणलंत तर दुसऱ्या फेरीत ती पुन्हा त्याच कामट्यांवरून जाते आणि वीण धरतच नाही. एक टोक उभं चिरून दोन करा. 33 झाली की चालेल.

खरी गोम कामट्या वर वळवण्यात आहे. माझ्या पहिल्या चार टोपल्या इथंच गेल्या. शिकवणाऱ्या मावशी मान वर न करता, नुसत्या आवाजावरून विचारायच्या, "मोडनी ना?"

मला कुणीतरी रात्रभर भिजवायला सांगितलं होतं. कामट्या बुळबुळीत झाल्या आणि तरी मोडल्या. दोष पाण्याचा नव्हताच. मी साल आत ठेवली होती. वळणावर ताण बाहेरच्या अंगाला पडतो आणि बांबूचे चिवट धागे सालीत असतात, म्हणून साल बाहेरच हवी. दुसरं, वळणावर पेराची गाठ येऊ देऊ नका. गाठीवर कामटी वाकत नाही, तुटते. बूड विणतानाच गाठी मधल्या भागात सरकवा, नंतर काही करता येत नाही. तिसरं, एका झटक्यात काटकोन नको. सगळ्या कामट्या थोड्या थोड्या उचला, सुतळीने सैल बांधा, दोन फेऱ्या विणा, मग आवळा. बांबू ओला असेल तर भिजवायचं कामच नाही. सुका असेल तर तासभर पुरे. पण भुसावळकडच्या एप्रिलमध्ये कामटी हातातच वाळते, तेव्हा काम ओल्या गोणपाटाखाली ठेवा.

कुणाला शिकवत असाल तर त्याच्या हातातून टोपली घेऊन स्वतः वळवून देऊ नका. मी हे पुतणीच्या बाबतीत केलं. तिला आजही फक्त बूड येतं. टाकाऊ दहा कामट्या द्या आणि साल आत-बाहेर करून मोडू द्या.

भिंत सरळ विणत न्या. काठाला आतून-बाहेरून जाड कामटी धरून बांधा आणि टोपली सावलीत वाळवा.