केमो घेताना हाताच्या शिरा कशा जपाव्यात

जळगावात केमोच्या डे-केअरला मी नर्स आहे. रावेर-यावलकडून आलेल्या मावशींना सलाईन चालू असताना विचारावं, दुखतंय का, तर उत्तर ठरलेलं: "काही नही व ताई, व्हई जाई." मावशी, इथे सोसायचं नाही. डॉक्सोरुबिसिन, म्हणजे ते लाल औषध, किंवा विनक्रिस्टीन शिरेबाहेर झिरपलं तर कातडी आणि खालचं मांस जळतं. ती जखम लवकर भरत नाही. जळजळ, सूज, ठणका, काहीही वाटलं की त्याच क्षणी हाक मारा. चोळू नका, सुई स्वतः ओढू नका. आम्ही ड्रिप थांबवतो आणि त्याच सुईतून झिरपलेलं औषध जमेल तितकं मागे ओढून घेतो. शेकही मनाने देऊ नका. लाल औषधाला थंड शेक लागतो, विनक्रिस्टीनला गरम. घरी गेल्यावर लाली किंवा फोड दिसला तरी लगेच फोन करा.

तयारी आदल्या दिवसापासून करा. आपल्याकडच्या मे महिन्यात शिरा पार आत जातात. डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलं नसेल तर थोडं-थोडं पाणी पीत राहा. घट्ट बांगड्या घरीच काढून या. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर तो हात आधीच सांगा, सुई दुसऱ्या हाताला लावू.

शीर काळी पडून दोरीसारखी कडक झाली असेल तर तिथे पुन्हा टोचून घेऊ नका. बरेच महिने केमो चालणार असेल तर पोर्टबद्दल सुरुवातीलाच विचारा. "छातीत मशीन" म्हणून घरचे घाबरतात, पण ती कातडीखालची छोटी डबी असते. तिची नळी मोठ्या शिरेत जाते, तिथे औषध रक्तात लगेच पातळ होतं आणि हाताच्या शिरा वाचतात. वापर नसला तरी पोर्ट ठरलेल्या तारखेला फ्लश करून, म्हणजे आतून धुऊन घ्या. थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी दाखवा.

कॅन्सरमध्ये रक्ताच्या गुठळ्याही होतात, केमोने तो धोका वाढतो. एकच पाय सुजला, पोटरी दुखली तर तेल लावून मालिश करू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. अचानक धाप लागली, छातीत कळ आली तर गुठळी फुप्फुसात गेलेली असू शकते. रात्र असली तरी 108 लावा, सोबत केमोची फाईल घ्या.