नॅरो गेजचा डबा घरच्या घरी : लेझर, रेझिन आणि सतारीची तार

मिरज जंक्शनला एकेकाळी ब्रॉड, मीटर आणि नॅरो अशा तिन्ही गेजच्या (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर) गाड्या लागायच्या. त्यातली नॅरो म्हणजे बार्शी लाइट रेल्वे, १८९७ ला तिकडं बार्शीला सुरू झाली आणि १९२७ ला मिरजेपर्यंत आली, आता सगळी लाइन ब्रॉडगेज झालीय. त्या गाडीच्या डब्याचं छोटं मॉडेल शेल्फवर पाहिजे असेल तर स्वतः बनवणं बरं पडतंय. लोक पहिला प्रश्न विचारतात की मशीन कुठलं घेऊ, तर सांगली मिरजेत राहत असाल तर कुठलंच घेऊ नका. ट्रॉफी आणि नेमप्लेट करणाऱ्यांकडं लेझर आहे, नंबरप्लेटच्या रेडियमवाल्याकडं कटिंग प्लॉटर आहे, थ्रीडी प्रिंट जॉबवर मिळते. तुमच्या हातात फक्त ड्रॉइंग पाहिजे, आणि खरं काम तेच आहे.

आधी स्केल

बार्शीचा गेज ७६२ मिमी, म्हणजे अडीच फूट. १:४८ ला, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळीसाव्या भागाला, तो १५.९ मिमी येतो, आणि एचओ या मॉडेल रेल्वेच्या मापाचा रेडिमेड रूळ १६.५ मिमीचा असतो, एवढा फरक डोळ्याला कळत नाही. या जोडीला ओएन३० म्हणतात. हिशोबही सोपा, खरा १ फूट म्हणजे मॉडेलचा ६.३५ मिमी, ७ फूट रुंद डबा असला तर ४४.५ मिमी. जागा कमी असेल तर १:८७ घेऊन एन गेज या आणखी लहान मॉडेल मापाचा ९ मिमी रूळ वापरता येतो, पण मग खिडकीचे गज केसाएवढे होतात आणि हातानं बसवताना जीव जातो. पहिला डबा १:४८ लाच करा. आणि एक, माथेरानची गाडी ६१० मिमीची आहे, तिथला डबा मोजून आणून बार्शीच्या नावावर खपवू नका, बघणारे ओळखतात.

ड्रॉइंग

डब्याचा अगदी समोरून, लांबून, झूम करून काढलेला फोटो शोधा, मोबाइल जवळ नेऊन वाइडमधे काढलेल्या फोटोत टोकं वाकडी येतात. फोटो इंकस्केपमधे टाका (ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर, फुकट आहे), माहीत असलेलं एक माप धरून फोटो ताणून बरोबर करा आणि त्यावर रेषा ओढा. बाजूची भिंत एका जाडीत काढायची नाही, तीन थरांत काढायची. सगळ्यात बाहेर पट्ट्या म्हणजे बीडिंग, मधे मुख्य भिंत, आत खिडकीची चौकट जरा लहान भोकाची. तिन्ही एकावर एक चिकटवले की खोली आपोआप येते, कोरत बसावं लागत नाही. बीडिंग १ मिमीपेक्षा बारीक नको, १:४८ ला ते जवळपास दोन इंची पट्टीएवढं दिसतं आणि लेझरला झेपतं.

मधली भिंत २ मिमी एमडीएफ (दाबलेल्या लाकडी तंतूंचा बोर्ड), बाहेरचे आतले थर ३०० जीएसएमच्या आयव्हरी कार्डाचे (जाड गुळगुळीत कागद). कार्ड ऐकून नाक मुरडू नका. कटिंग झाल्यावर त्याला पातळ चपडा (लाखेचं) पॉलिश दोनदा मारलं की कडा कडक होतात, ब्लेडनं तासता येतात. चपडा मिरजेत सतारीवाल्यांच्या कामातलाच माल आहे, तिथंच विचारा.

लेझरवाल्याकडं जाताना

लेझर जिथून जातो तिथलं मटेरियल जळून जातं, त्याला कर्फ म्हणतात, साधारण ०.१५ ते ०.२ मिमी. खाच आणि जीभ (खाचेत बसणारं टोक) एकाच मापाची काढली तर जोड ढिला बसणार. म्हणून आधी एक फणी कापून घ्या, १.७ पासून २.१ पर्यंत ०.१ च्या फरकानं खाचा, आणि त्याच शीटचा तुकडा कुठल्या खाचेत घट्ट बसतोय बघा. २ मिमी म्हणून दिलेलं एमडीएफ कॅलिपरनं मोजलं तर क्वचितच बरोबर २ भरतं. फाइलच्या कोपऱ्यात १०० मिमीची एक रेघ ठेवा, त्यांच्या कॉम्प्युटरवर उघडल्यावर ती १०० च आहे का ते तिथंच बघून घ्या, कारण युनिट बदललं की अख्खा डबा वाया. खिडक्या आधी आणि बाहेरची रेषा शेवटी कापायला सांगा, नाहीतर तुकडा सुटून हलतो आणि भोकं तिरकी येतात. शीटवर मास्किंग टेप मारली तर धुराचे डाग पडत नाहीत.

आणि हे मोठ्या अक्षरात समजा, पीव्हीसीचा सनबोर्ड लेझरखाली टाकायचा नाही. दुकानदार हो म्हणाला तरी नाही. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइडचा धूर निघतो, तो फुफ्फुसालाही वाईट आणि मशीनलाही गंजवतो.

प्रिंट कशाची करायची

बोगीच्या (डब्याखालचा चाकांचा सांगाडा) बाजू, ॲक्सल बॉक्स (ॲक्सलचं टोक बसतं ती पेटी), छतावरचे व्हेंटिलेटर, बाक. एवढंच. अख्खी भिंत रेझिनमधे (थ्रीडी प्रिंटरचं द्रव प्लास्टिक) प्रिंट करायचा मोह होतो पण लांब सपाट भाग वाळताना वाकतो. बोगीसाठी टफ रेझिन सांगा, साधं ठिसूळ असतं. चाकं मात्र रेडिमेड धातूची घ्या आणि ॲक्सलची लांबी टोकापासून टोकापर्यंत मोजूनच बोगी डिझाइन करा, ॲक्सलची टोकं पितळी कपात फिरली पाहिजेत.

छत आणि गज

छताला लेझरनंच कमानी कापा, २५ मिमीवर एक, त्यावर आयव्हरी कार्ड वाकवून चिकटवा आणि वरून टिश्यू पेपर पातळ फेविकॉलनं बसवा, जुन्या डब्यांच्या छतावर कॅनव्हास असायचा तसा पोत मिळतो. छत कायमचं चिकटवू नका, छोट्या मॅग्नेटवर ठेवा, आतली काच नि बाक बसवायला ते निघालं पाहिजे.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. खिडकीचे आडवे गज. खरा गज १२ ते १६ मिमीचा धरला तर १:४८ ला पाव ते ०.३३ मिमी होतो, आणि सतारीची बाजाची (मुख्य) स्टीलची तार साधारण ०.३ ची असते! मिरजेत तंतुवाद्यांच्या दुकानात मागितली की मिळते, नाद खुळा काम होतं. तार वेटोळ्यातून येते म्हणून वाकडी असते, काचेवर ठेवून लाकडी ठोकळ्यानं रगडत सरळ करा. साध्या निपरनं कापू नका, निपरची धार जाते, स्टीलच्या तारेचा वेगळा कटर घ्या. खिडकीच्या चौकटीच्या थराला बारीक खाचा ड्रॉइंगमधेच ठेवल्या असतील तर सगळे गज एका रेषेत येतात, मग एक थेंब फेविक्विक.

रंग

एमडीएफच्या कडा रंग पितात, आधी सँडिंग सीलर, घासणी, मग कारचा प्रायमर स्प्रे. जुलै ऑगस्टात स्प्रे मारू नका, ओल्या हवेत रंगावर पांढरट धूर बसतो. खिडकीला पारदर्शक ओएचपी शीट, ती सगळ्यात शेवटी. नंबर आणि नावं रेडियमवाला ३-४ मिमी उंचीपर्यंत कापून देतो, त्याखाली गेलात तर डेकल (पातळ छापील स्टिकर) छापून घ्यावं लागतंय.

रुळावर

एक बोगी फक्त डावी उजवी फिरेल अशी घट्ट ठेवा, दुसरी थोडी डुलेल अशी सैल. यामुळं रूळ कुठं वरखाली असला तरी चारही ॲक्सल टेकून राहतात. वजन लागलं तर डब्याच्या फरशीवर, खाली, बोगींच्या मधे, छताकडं अजिबात नाही. मग वळणावरून डबा हातानं मागं ढकलत न्या, ओढण्यापेक्षा ढकलण्यात दोष लवकर दिसतो. चाक उचलत असेल तर सैल बोगीचा स्क्रू अर्धा फेरा सोडा, बोगीचा कोपरा फरशीला घासत असेल तर फरशी तिथं तासा.