एका फोनवर अख्ख्या वर्गाची चाचणी: प्लिकर्सची कार्डं कशी वापरावीत

विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात. त्याच्या कितीतरी आधी शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर मोफत ॲपच्या लांबलचक याद्या येऊन पडलेल्या असतात. त्यातली बरीचशी ॲप प्रत्येक मुलाच्या हातात मोबाईल आहे असं धरून चालतात. माझी शाळा नागपूरला लागून, हिंगण्याकडे. सातवीच्या वर्गात ४२ मुलं आणि फोन एकच, माझा. ‘मुलांना घरून मोबाईल आणायला सांगा’ हा सल्ला ऐकला की मला चीड येते. घरातला एकुलता एक फोन सकाळीच वडिलांसोबत एमआयडीसीत कामावर गेलेला असतो.

म्हणून मी प्लिकर्स हे ॲप वापरतो. प्रत्येक मुलाला कागदाचं एक कार्ड मिळतं. त्यावर काळ्या चौकटींची आकृती असते आणि चार कडांना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. जे उत्तर द्यायचं ते अक्षर वर येईल असं कार्ड धरायचं. तुम्ही फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कुणी काय उत्तर दिलं ते मिनिटभरात नोंदलं जातं. प्रत्येक कार्डाची आकृती वेगळी असल्याने शेजाऱ्याचं पाहून काही कळत नाही.

प्लिकर्स डॉट कॉमवर खातं उघडा, वर्ग तयार करा, मुलांची नावं भरा. पूर्ण नाव टाकायची गरज नाही, पहिलं नाव आणि आडनावाचं अक्षर पुरे. कार्ड क्रमांक आणि हजेरी क्रमांक एकच ठेवा, पुढचा सगळा गोंधळ टळतो. फोनवर ॲप घ्या.

आता कार्डं. सगळं इथेच अडतं.

साइटवर कार्डांचे संच मोफत उतरवून घेता येतात. नेहमीचा संच ४० कार्डांचा आहे, मोठा ६३ चा. पट चाळिसाच्या आसपास असेल तर सरळ ६३ चाच घ्या, नाहीतर मध्येच आलेल्या मुलाला कार्ड उरत नाही. छपाई गडद हवी. टोनर संपत आलेल्या मशीनवर काळा भाग राखाडी येतो आणि कॅमेरा चाचपडत राहतो. पहिली दोन पानं निघाली की दुकानातच ॲपने तपासून पाहा, मग बाकीची काढा.

लॅमिनेशन करू नका. ‘कार्डं टिकतात’ म्हणून सगळे हेच सांगतात, मीही ऐकलं होतं. चकचकीत प्लॅस्टिकमध्ये ४२ कार्डं करून आणली आणि पहिल्याच दिवशी खिडकीकडच्या दोन्ही रांगा गायब. ऊन प्लॅस्टिकवर पडलं की काळा भाग पांढरा चमकतो आणि कॅमेऱ्याला आकृती दिसतच नाही. मी फोन वरखाली करतोय, मुलांचे हात दुखायला लागलेत आणि मागून आवाज येतोय, “सर, माह्यं आलं का?” आठवडाभर मला वाटत होतं की फोनच जुना झालाय. तपासायला एक साधं झेरॉक्सचं कार्ड त्याच बाकावर धरलं, तर ते क्षणात आलं.

तेव्हापासून कार्डं साध्या कागदावर काढतो आणि वह्यांच्या जुन्या पुठ्ठ्यांवर चिकटवतो. डिंक पातळ नको, कागदाला सुरकुत्या पडतात. आकृतीभोवतीची पांढरी कड कापू नका. ती शोभेची नाही, काळा भाग कुठे संपतो हे कॅमेऱ्याला तिच्यावरून कळतं आणि मुलांना धरायलाही तीच जागा आहे.

धरणं शिकवायला एक अख्खी तासिका द्या. यात घाई केलेली मला चालत नाही. दोन्ही हातांनी, कोपऱ्यांना, अंगठा पांढऱ्या कडेवर. एक बोट जरी काळ्या भागावर आलं तरी ते कार्ड गेलं. पुढच्या बाकांनी कार्ड छातीशी धरायचं, मागच्यांनी कपाळाच्या वर, म्हणजे पुढच्याच्या डोक्याआड ते लपत नाही. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर तिकडे पाठ करून उभे राहा आणि फोन सावकाश फिरवा. ज्याचं कार्ड आलं नाही त्याचं नाव ॲपवर दिसतं, त्यालाच फक्त नीट धरायला सांगा.

प्रश्न टाकणं सोपं आहे. फोनच्या जीबोर्ड या कीबोर्डवर मराठीत बोलून लिहा, मग जोडाक्षरं तपासा. मोफत खात्यात प्रश्नांच्या एका संचात पाचच प्रश्न बसतात, एका तासिकेला तेवढे भरपूर झाले.

प्रश्न मात्र असा हवा की चुकीच्या पर्यायावरून मूल कुठे अडलंय ते कळावं. माझा आवडता: ०.५ आणि ०.२५ यांत मोठी संख्या कोणती? बरीच मुलं ०.२५ धरतात, कारण पाचापेक्षा पंचवीस मोठे. तोंडी विचारलं असतं तर तीन हुशार हात वर झाले असते आणि मी पुढच्या धड्यावर गेलो असतो. एकदा फोनवर १७ नावं लाल, म्हणजे उत्तर चुकलेली, दिसली. तेव्हा फळ्यावरचं सगळं पुसून पैशांकडे वळलो: पन्नास पैसे जास्त की पंचवीस? पुन्हा तोच प्रश्न विचारला तर लाल नावं चार उरली. त्या चौघांना मधल्या सुट्टीनंतर जवळ बसवलं.

प्रोजेक्टर असेल तर फक्त आलेख दाखवा, नावं कधीच नाही. आपलं चुकलेलं उत्तर भिंतीवर पाहिलेलं मूल पुढच्या वेळी शेजाऱ्याला विचारूनच कार्ड फिरवतं.

कार्डं दप्तरात देऊ नका. तास संपताना रांगेने गोळा करा, क्रमाने लावा, बुटांच्या रिकाम्या खोक्यात ठेवा. दोन-चार जास्तीची असू द्या, पावसाळ्यात एखादं भिजतंच.