एनएफएलचा सीबीए कसा वाचायचा: पैसा कुठून येतो आणि प्लेअरच्या हातात किती पडतो

अमेरिकेतल्या प्रो फुटबॉलबद्दल बोलतोय, एनएफएल, बॉल हातात घेऊन पळतात तो खेळ. खेळ कळायला लागला की थोड्याच दिवसांत प्रश्न पडायला लागतात, की इतक्या भारी प्लेअरला टीमने सोडलंच कसं, आणि कॅपमध्ये (म्हणजे एका टीमने प्लेअर्सच्या पगारावर वर्षाला किती खर्च करायचा त्या मर्यादेत) जागा नाही म्हणणारी टीम दोन दिवसांनी कोणालातरी एवढा मोठा करार कशी देते. याची उत्तरं एकाच कागदात आहेत, मालक आणि प्लेअर्सची युनियन यांच्यातला कामगार करार, ज्याला सगळे सीबीए म्हणतात. सध्याचा २०२० मध्ये झाला, २०३० च्या सीझनपर्यंत चालेल, आणि पूर्ण कागद युनियनच्या साइटवर वाचायला मिळतो. साडेचारशेच्या वर पानं आहेत, त्यामुळे पहिल्या पानापासून वाचायला बसू नका, तीस पानांत सोडून द्याल.

थेट कलम १२ उघडा. कमाई कशी मोजायची आणि त्यातून सॅलरी कॅप कशी काढायची हे तिथे आहे, आणि एखादा शब्द अडला तर कलम १ मध्ये व्याख्या आहेत तिथे जाऊन यायचं. हे कलम वाचताना एकच गोष्ट डोक्यात ठेवा: किती टक्के हे बघायच्या आधी कशाचे टक्के ते बघा. खरी मेख तिथेच असते.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे २०११. त्याआधीच्या २००६ च्या करारात मालक एकूण कमाईतून साधारण १०० कोटी डॉलर खर्चापोटी आधीच बाजूला काढायचे आणि उरलेल्यातले जवळपास ६० टक्के प्लेअर्सना जायचे. मालकांना हे महाग वाटायला लागलं, २००८ मध्ये त्यांनी करारातून लवकर बाहेर पडायचं ठरवलं, २०१० चा सीझन कॅपशिवायच झाला, आणि मग त्यांनी मागणी टाकली की आम्हाला वरचे आणखी १०० कोटी आधी काढू द्या. युनियन नाही म्हणाली, मालकांनी १२ मार्च २०११ ला टाळेबंदी केली, ती २५ जुलैला सुटली. नवीन करारात ते आधी बाजूला काढणं बहुतेक बंद झालं (स्टेडियमसाठी थोडी सवलत राहिली) आणि एकूण कमाईचे तीन भाग केले: टीव्हीच्या पैशातले ५५ टक्के प्लेअर्सचे, लीगच्या इतर धंद्यातले आणि प्लेऑफमधले ४५, आणि टीमच्या लोकल कमाईतले ४०. सगळं मिळून दहा वर्षांची सरासरी किमान ४७ टक्के. आता ६० वरून ४७ म्हटल्यावर वाटतं प्लेअर्स पार लुटले गेले, आणि प्लेअर्सचा हिस्सा कमी झाला हे खरंच आहे, पण पूर्ण १३ टक्क्यांनी नाही, कारण पहिला आकडा कापलेल्या रकमेचा होता आणि दुसरा पूर्ण रकमेचा. ही एक गोष्ट पक्की बसली की पुढच्या प्रत्येक कराराच्या बातम्या वेगळ्या दिसायला लागतात. २०२० च्या करारात २०२१ पासून हिस्सा ४८ टक्के झाला, आणि १७ मॅचेसच्या सीझनमध्ये टीव्हीचे करार वाढले तर तो अजून थोडा वर सरकतो अशी सोय आहे.

आता त्या हिश्श्यातून कॅप कशी निघते. प्लेअर्सचा एकूण वाटा घ्या, त्यातून बेनिफिट्स वजा करा (पेन्शन, इन्शुरन्स, निवृत्त प्लेअर्सचे पैसे वगैरे), उरलं त्याला ३२ टीम्सनी भागा. २०२४ ला कॅप २५.५४ कोटी डॉलर होती आणि वर प्रत्येक टीममागे ७.४ कोटी बेनिफिट्सचे, म्हणजे टीममागे ३२.९४ कोटी. लोक फक्त कॅप बघतात, बेनिफिट्स विसरतात, तसं करू नका, कारण युनियन वाटाघाटीत कधी कधी आजचा पगार सोडून उद्याची पेन्शन घेते आणि ते कॅपच्या आकड्यात दिसत नाही. कॅप खालीही येते बरं का. कोव्हिडमध्ये स्टेडियम रिकामी राहिली आणि २०२० ची १९.८२ कोटींची कॅप २०२१ ला १८.२५ वर आली, आणि २०२५ ला तीच २७.९२ कोटी. कमाईत वाटा म्हणजे तोट्यातही वाटा.

दुसरी वाटणी असते मालकांची आपापसातली, आणि ही पहिलीशी मिसळली की सगळा गोंधळ होतो. ही १९६१ पासूनची. तेव्हाचे कमिशनर पीट रोझेल यांनी अमेरिकन काँग्रेसकडून कायदा करून घेतला, की सगळ्या टीम्सचे टीव्ही हक्क एकत्र विकता येतील, आणि १९६२ ला सीबीएस या टीव्ही चॅनेलबरोबर वर्षाला ४६.५ लाख डॉलरचा करार झाला, १४ टीम्समध्ये सारखा वाटून. न्यूयॉर्क जायंट्सच्या मारा कुटुंबाला एकट्याने कितीतरी जास्त मिळाले असते, तरी ते तयार झाले, आणि माझ्या मते या लीगमधला सगळ्यात मोठा निर्णय तोच. म्हणून ग्रीन बेसारख्या छोट्या शहराची टीम आजही टिकून आहे. तिकिटांच्या पैशातले ३४ टक्के पण पाहुण्या टीम्सच्या नावाने एका पूलमध्ये जातात आणि तिथून सारखे वाटले जातात. लक्झरी सुइट्स, स्टेडियमचं नाव, लोकल स्पॉन्सर यांचा बहुतेक पैसा मात्र टीमकडेच राहतो, आणि डॅलसचे मालक जेरी जोन्स यांनी १९९५ मध्ये स्टेडियमच्या नावाने नाइकी आणि पेप्सीशी वेगळे करार केले तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं, शेवटी समझोता झाला.

हे सगळं आकड्यात बघायचं असेल तर ग्रीन बे पॅकर्सचा वार्षिक हिशोब बघा, कारण त्या टीमला एक मालक नाही, शेअरहोल्डर आहेत, म्हणून हिशोब जाहीर होतो. २०२४ च्या सीझनचा लीगकडून आलेला वाटा ४३.२६ कोटी डॉलर. वर बघितलेला प्लेअर्सचा खर्च ३२.९४ कोटी. म्हणजे एकही तिकीट विकायच्या आधी प्लेअर्सचा खर्च निघाला आणि वर १० कोटी उरले, प्रत्येक टीमला हा वाटा सारखाच. टीम गरीब आहे असं कोणी म्हणालं की हा हिशोब आठवा.

मग कलम १३, कॅपचा हिशोब. इथे साइनिंग बोनस, म्हणजे करारावर सही केल्याबद्दल मिळणारी रक्कम, समजला की काम झालं. समजा ५ वर्षांचा करार आणि ५ कोटी बोनस. प्लेअरला पैसे लगेच मिळतात पण कॅपवर वर्षाला १ कोटीच पडतो, आणि असं जास्तीत जास्त ५ वर्षांवर पसरता येतं, म्हणूनच जागा नसलेली टीम मोठा करार देऊ शकते. दोन वर्षांनी त्याला सोडला की उरलेले ३ कोटी एकदम कॅपवर येतात, यालाच डेड मनी म्हणतात, १ जूननंतर सोडला तर त्या वर्षी १ आणि पुढच्या वर्षी २. त्यामुळे नवीन कराराची बातमी आली की एकूण रक्कम सोडून द्या, साइन करताना किती गॅरंटीड आहे, म्हणजे टीमने सोडलं तरी मिळणार आहे, तेवढंच बघा.

कलम ९ आणि १० एकत्र वाचा, फ्री एजन्सी आणि फ्रँचाइज टॅग. चार सीझन झाले आणि करार संपला की प्लेअर कुठल्याही टीमकडे जायला मोकळा होतो, पण टीम टॅग लावून वर्षभर अडवू शकते, आणि दुसऱ्यांदा लावला तर आधीच्या पगाराच्या किमान १२० टक्के द्यावे लागतात. कर्क कझिन्सला वॉशिंग्टनने २०१६ आणि २०१७ असा दोनदा लावला, १.९९५ कोटीवरून २.३९४ कोटी, आणि २०१८ ला तो मिनेसोटाला ३ वर्षांच्या ८.४ कोटी पूर्ण गॅरंटीड करारावर गेला. टॅगची भीती न बाळगता थांबलं की काय होतं ते इथे दिसतं, पण त्यासाठी दोन वर्षं दुखापत न होता खेळावं लागतं, आणि मला हे कलम प्लेअर्सवर अन्याय करणारंच वाटतं.

कलम २६ मात्र वगळू नका, किमान पगाराचा तक्ता तिथे आहे. स्टार प्लेअर्सच्या बातम्यांमध्ये हा कोणी वाचत नाही पण लीगमधले कितीतरी प्लेअर्स याच तक्त्यावर जगतात. नवीन प्लेअरचा किमान पगार २०१९ ला ४ लाख ९५ हजार डॉलर होता, २०२० च्या कराराने तो लगेच ६ लाख १० हजार झाला, २०२५ ला ८ लाख ४० हजार. बदल्यात मालकांना सतरावी मॅच मिळाली. बऱ्याच मोठ्या नावांनी उघड विरोध केला होता, तरी करार १,०१९ विरुद्ध ९५९ मतांनी पास झाला, फक्त ६० मतांचा फरक. तक्त्यातल्या पहिल्या ओळीवर बोट ठेवा आणि विचार करा, दुसऱ्या वर्षाला असलेला, पुढच्या सीझनची खात्री नसलेला प्लेअर मतदानाला बसला तर कुठे शिक्का मारेल.