साबुदाणा: नाव कुठून आलं आणि खिचडी मोकळी कशी होते

मलय भाषेतला 'सागू' आपल्याकडे येईपर्यंत 'साबू' झाला. हिंदीत 'साबूदाना'च्या जोडीला 'सागूदाना' असंही म्हणतात. सागू हे इंडोनेशिया आणि न्यू गिनीकडच्या दलदलीत वाढणारं ताडाच्या कुळातलं झाड. फुलोरा यायच्या सुमारास ते तोडायचं, खोड चिरून आतला गर कुटायचा, पाण्यात खळबळायचा आणि तळाशी बसलेला चीक वाळवायचा, ही तिथली जुनी पद्धत. त्या चिकाचे दाणे समुद्रमार्गे आले. तमिळमध्ये त्यांचं नाव पडलं 'जव्वरिसी', म्हणजे जावाचा तांदूळ.

आज आपण खातो तो साबुदाणा मात्र त्या झाडाचा नाही. तो टॅपिओकाच्या कंदापासून होतो. हा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला, पोर्तुगीजांमार्फत भारतात आलेला. त्रावणकोरचे राजे विशाखम तिरुनाल (1880 ते 1885) यांनी त्याच्या लागवडीला उत्तेजन दिलं. दुसऱ्या महायुद्धात पूर्वेकडचा माल यायचा थांबला आणि तमिळनाडूतल्या सेलममध्ये या कंदापासून साबुदाणा करायचा धंदा उभा राहिला. झाड बदललं, नाव तेच राहिलं. सेलमच्या साबुदाण्याला 2023 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. खिचडीतले शेंगदाणे, मिरची आणि बटाटा हेही अमेरिका खंडातूनच आलेले, तेव्हा उपवासाची ही कढई जवळजवळ सगळी परदेशी आहे.

नावातल्या 'दाणा' या शब्दाने स्वयंपाकात घोटाळा होतो. तांदूळ शेतात पिकतो, साबुदाणा कारखान्यात वळला जातो. कुरडईसाठी गव्हाचा काढतो तसाच हा कंदाचा चीक. तो ओलसर असताना हलवून हलवून त्याच्या गोळ्या करतात, चाळतात, तापलेल्या पत्र्यावर भाजतात आणि उन्हात वाळवतात. भाजताना वरचा थर शिजून घट्ट होतो, आतला चीक बराचसा कच्चाच राहतो. म्हणून याला तांदळासारखं भरपूर पाणी चालत नाही. पाणी फक्त गाभ्यापर्यंत मुरायला हवं, वरचं कवच फुटता कामा नये.

दोन वाट्या साबुदाणा घ्या. हलक्या हाताने दोन-तीन वेळा धुवा. पहिलं पाणी दुधासारखं पांढरं निघतं, तो सुटा चीक आहे. तो राहिला तर कढईत त्याचीच खळ होते. पाणी पूर्ण निथळून दीड वाटी पाणी घाला, झाका आणि पाच-सहा तास ठेवा. मध्ये एकदा खालीवर करा, नाहीतर तळाचे दाणे गिच्च आणि वरचे कडक राहतात. मग एक दाणा चिमटीत दाबून बघा. तो सहज चिरडला गेला पाहिजे. मध्ये खडा लागला तर दोन-तीन चमचे पाण्याचा हबका मारून अजून अर्धा-पाऊण तास झाकून ठेवा, कारण कोरडा गाभा कढईत शिजत नाही. पाणी जास्त झालं असेल तर दाणे सुती कापडावर वीस मिनिटं पसरा.

पाऊण ते एक वाटी जाडसर शेंगदाण्याचं कूट, चवीपुरतं मीठ आणि दोन चमचे साखर भिजलेल्या साबुदाण्यात आधीच मिसळा. ही पायरी गाळू नका. कूट दाण्याभोवती बसतं, वरचा ओलावा शोषतं आणि दाण्याला दाणा चिकटू देत नाही. कूट अगदी बारीक केलं तर तेल सुटून त्याचा लगदा होतो.

पसरट कढईत तीन-चार मोठे चमचे तूप तापवा. जिरं तडतडलं की पाच-सहा मिरच्यांचे तुकडे आणि एका उकडलेल्या बटाट्याच्या फोडी परता. मग साबुदाणा घालून मध्यम आचेवर सहा-सात मिनिटं उलथन्याने तळापासून हलक्या हाताने वर आणत राहा. पांढरेपणा जाऊन बहुतेक दाणे काचेसारखे दिसू लागले की दोन मिनिटं झाकण ठेवा आणि गॅस बंद करा. सगळे दाणे पारदर्शक व्हायची वाट पाहत बसलात तर खिचडी चिवट होते. लिंबू उतरवल्यावर पिळा.

खरेदी करतानाही बघून घ्या. 'नायलॉन' नावाचा चकचकीत साबुदाणा वाफवलेला असतो. तो तळून चिवड्यात छान, खिचडीत नाही. परदेशात राहणाऱ्यांनी पूर्व आशियाई दुकानातले टॅपिओका मोती खिचडीसाठी घेऊ नयेत. ते बहुधा भाजलेले नसतात, त्यामुळे थंड पाण्यात भिजवले की विरघळून पेस्ट होते. भारतीय दुकानातलंच पाकीट घ्या.

गार झालेली खिचडी कडक होते, कारण शिजलेला चीक थंड झाला की पुन्हा आवळतो. दुधाचा किंवा पाण्याचा हबका मारून, झाकून वाफ आणली की ती परत मऊ होते. आणि भिजवतानाच साबुदाण्याचा गोळा झाला असेल तर खिचडीचा नाद सोडा; त्यात दोन उकडलेले बटाटे आणि कूट मळून वडे तळा.