जुना तुर्कमेन गालिचा घेताना रंग बुडाशी पाहा

तेक्के किंवा योमुत (या तुर्कमेन टोळ्या) गालिच्याचा लाल रंग मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांचा की रासायनिक, हे नुसतं वरून पाहून ठरवू नका.

१. लव (वरची उभी लोकर) बाहेर राहील असा गालिचा गाठींच्या ओळीवर हलकेच दुमडा. लव फाकून खाली गाठ दिसली पाहिजे.
२. दिवसाउजेडी लोकरीचं टोक आणि बूड ताडून पाहा. टोक राखाडी पडलंय आणि बुडाशी भडक गुलाबी किंवा जांभळा आहे? मग तो बहुधा १९व्या शतकाच्या उत्तरार्धात आलेला कृत्रिम रंग. मुळांचा लाल बुडापर्यंत त्याच जातीचा राहतो, टोकाला जरा मवाळ होतो इतकंच.
३. ओलसर पांढरा रुमाल लाल भागावर दाबून धरा. डाग उठला तर रंग कच्चा, पाण्याने धुऊ नका.

दुमडताना बारीक कडकड ऐकू आली तर तिथेच थांबा. आतला ताणा (उभे धागे) कुजलेला असतो, आणखी वाकवलात तर तुटेल.