पानगळीची पाने: निरखावी कशी, जपावी कशी

शरद ऋतूतील आवडत्या गोष्टी मोजायला बसले, तर निवळलेले आकाश, सकाळचा गारवा, तिरप्या उन्हाची पिवळसर झाक अशी बरीच नावे पुढे येतात. माझ्या यादीत मात्र पहिल्या क्रमांकावर गळायला आलेले पान आहे आणि दुसरा क्रमांक अजून रिकामाच आहे. हे पान जाता जाता पाहून सोडून देण्याची वस्तू नाही. थोडी पद्धत पाळली, तर त्याचा रंग बदलताना पाहता येतो, तो रंग कशातून आला हे घरच्या टेबलावर तपासता येते आणि ते पान पुढे कित्येक वर्षे जपूनही ठेवता येते. येथे शरद म्हणजे चार ऋतूंच्या गणनेतील, उन्हाळा आणि हिवाळा यांच्या मधला ऋतू असे समजावे. उत्तर गोलार्धात तो २२ किंवा २३ सप्टेंबरच्या विषुवदिनाला सुरू होऊन डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत चालतो, तर दक्षिण गोलार्धात त्याची सुरुवात २० किंवा २१ मार्चच्या सुमारास होते.

एकच झाड निवडावे

रंगलेली डोंगरउतरण पाहण्यासाठी लांबचा प्रवास करण्यात गैर काही नाही, पण तेथे आपल्याला एका दिवसाचे चित्र दिसते, बदल दिसत नाही. म्हणून पहिले काम म्हणजे रोजच्या वाटेवरचे एखादे पानझडी झाड निवडणे आणि ऋतू संपेपर्यंत त्याच्याशी एकनिष्ठ राहणे. झाडाची निवड थोडी विचारपूर्वक करावी, कारण प्रत्येक जातीची पान टाकण्याची रीत वेगळी असते. मेपलचे झाड हिरव्यापासून लालपर्यंतच्या बहुतेक छटा दाखवते आणि नवशिक्यासाठी तेच सर्वांत सोयीचे. गिंको एकसारखे पिवळे होते आणि कडक थंडीची एक रात्र पुरेशी झाली, की बहुतेक पाने एक-दोन दिवसांतच खाली टाकून मोकळे होते, त्यामुळे त्याच्याकडे रोज पाहिले नाही तर मुख्य प्रसंगच हुकतो. ओकची अनेक झाडे वाळलेली तपकिरी पाने हिवाळाभर फांद्यांवर धरून ठेवतात, तर अल्डर बहुधा रंग न बदलताच हिरवी पाने गाळते. लार्च हे सूचिपर्णी कुळातले असूनही त्याच्या सुया सोनेरी होऊन झडतात, आणि ज्याने हे आधी पाहिलेले नाही त्याला झाड मेले अशीच शंका येते.

झाड ठरल्यावर वहीत तीन तारखा नोंदवाव्यात: पहिली रंगीत फांदी दिसली तो दिवस, साधारण निम्मा माथा रंगला तो दिवस आणि निम्मी पाने गळून गेली तो दिवस. दर दोन-तीन दिवसांनी एकाच जागी उभे राहून, शक्यतो एकाच वेळी, एक छायाचित्र घ्यावे. दोन-तीन वर्षांच्या अशा नोंदी शेजारी ठेवल्या, की एक गोष्ट स्पष्ट होते. पिवळ्या झाडांचा रंग दरवर्षी बहुतांशी सारखा असतो, लाल झाडांचा मात्र एखाद्या वर्षी भडक आणि एखाद्या वर्षी अगदीच फिका निघतो.

याचे कारण दोन्ही रंगांच्या उगमात आहे. दिवस लहान होऊ लागले, की झाड पानातील हरितद्रव्य मोडू लागते आणि त्याबरोबर नत्रासारखी मोलाची द्रव्ये फांद्यांकडे परत ओढून घेते. हिरवा पडदा विरळ झाला, की कॅरोटिनॉइड ही पिवळी-नारिंगी रंगद्रव्ये उघडी पडतात. ती पानात पूर्वीपासूनच होती, म्हणून त्यांच्याबाबत हवामानाची लहर फारशी चालत नाही. लाल आणि जांभळा रंग देणारी अँथोसायनिने मात्र बहुतेक झाडांत याच काळात, पानात उरलेल्या साखरेपासून नव्याने तयार होतात. दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गोठण्याइतकी नसलेली थंडी असा क्रम बरेच दिवस टिकला, तर लाल रंग चांगला चढतो, आणि ढगाळ, उबदार आठवडे आले तर तो फिका पडतो. लाल झाड नेहमी उन्हाच्या बाजूने पाहावे ते यासाठीच. एका पानावर दुसरे पान दिवसचे दिवस टेकून राहिले असेल, तर सावलीतला तेवढा भाग पिवळा किंवा हिरवा राहून वरच्या पानाची आकृती खालच्या पानावर उमटलेली सापडते. अशी पाने फार नसतात, पण शोधू लागल्यावर दिसतात, आणि माझ्या मते अख्ख्या रंगलेल्या डोंगरापेक्षा असे एक पान हाती लागणे अधिक आनंदाचे असते.

पाहण्याची वेळही महत्त्वाची आहे. सकाळी किंवा उतरत्या दुपारी पान आपल्या आणि सूर्याच्या मध्ये येईल असे उभे राहिले, तर उजेड पानातून गाळून येतो आणि शिरांचे जाळे स्पष्ट दिसते. याउलट पावसानंतरच्या ढगाळ दिवशी पानावरील चकाकी नाहीशी होऊन रंग गडद वाटतात, म्हणून छायाचित्रासाठी तो दिवस वाया गेला असे समजू नये. कॅमेऱ्यातील रंगसंतुलन आपोआप ठरू दिले, तर तो पिवळेपणा चूक समजून दुरुस्त करतो. ते दिवसाच्या उजेडावर ठरवून ठेवावे. आणखी एक सावधगिरी म्हणजे, भर उन्हाळ्यात झाडाची एकच फांदी रंगली तर ती ऋतूची चाहूल नसून बहुधा पाण्याच्या ताणाची, रोगाची किंवा मुळांना झालेल्या इजेची खूण असते.

पाने कोणती घ्यावीत

पाने कोरड्या दिवशी, दव पूर्ण उडून गेल्यावर गोळा करावीत. त्याच दिवशी गळलेली किंवा देठाला हलकेच बोट लावताच निखळणारी पाने सर्वांत चांगली. देठाच्या तळाशी सुटण्याचा एक पातळ थर तयार झालेला असतो आणि फांदीच्या बाजूने बुचासारखे आवरण येऊन जखम आधीच बुजत आलेली असते, त्यामुळे असे पान घेतल्याने झाडाचे काही बिघडत नाही. ज्या पानासाठी ओढाताण करावी लागते, त्याची वेळ झालेली नाही असे समजून ते राहू द्यावे. एकाच झाडाची पूर्ण हिरवी, कडेने रंगलेली, पूर्ण रंगलेली आणि तपकिरी अशी पाने क्रमाने जमवली, तर पुढे संग्रहात त्या एका पानावळीतून सगळा ऋतू वाचता येतो. जमवलेली पाने प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नयेत, कारण तेथे ती घामेजून काळी पडतात. जुन्या वहीच्या पानांत घालून आणावीत आणि झाडाचे नाव, जागा व तारीख तेथल्या तेथेच लिहावी. घरी जाऊन लिहू म्हटलेली तारीख हमखास विसरली जाते. ओळख नसलेल्या वेलींना हात लावू नये. उत्तर अमेरिकेत पॉयझन आयव्ही ही त्वचेला पुरळ आणणारी वेल शरदात अतिशय सुंदर लाल होते, आणि तिच्या तीन-तीन पर्णिकांच्या पानांचा मोह पडणे अगदी स्वाभाविक आहे. संरक्षित वने आणि उद्याने येथे पाने उचलण्यास बंदी असू शकते, हेही आधी पाहून घ्यावे.

दाबून वाळवणे

पान वाळवण्याचे सगळे कौशल्य ते लवकर आणि सपाट वाळवण्यात आहे. ओलावा जितका जास्त काळ राहील, तितका पानाचा रंग तपकिरीकडे झुकतो आणि बुरशीलाही वाव मिळतो. म्हणून ओल शोषणारा कागद हवा. टीपकागद उत्तम आणि वर्तमानपत्राची रद्दी पुरेशी, पण मासिकांचा गुळगुळीत कागद निरुपयोगी, कारण तो ओल घेतच नाही. पाने पुसून, एकमेकांवर येणार नाहीत अशी पसरावीत, दुमडलेल्या कडा बोटाने उलगडाव्यात, वर कागदाचे चार-पाच थर घालावेत आणि पुन्हा पाने मांडावीत. दर दोन-तीन थरांनंतर नालीदार पुठ्ठ्याचा एक तुकडा घातला, तर त्याच्या नळ्यांतून हवा खेळत राहते. वनस्पतिसंग्रहालयांतील दाबयंत्रातही हीच युक्ती वापरतात. सर्वांत वर सपाट फळी ठेवून तिच्यावर जड पुस्तके रचावीत. फळी नसेल, तर वजन मधोमध पडते आणि पानांच्या कडा चुरगळतात.

येथवरचे बहुतेक लोक नीट करतात आणि मग दोन आठवडे ती चळत विसरून जातात. पाने बिघडतात ती या विसरण्यामुळे. पानातील बरेचसे पाणी पहिल्या दोन-तीन दिवसांतच बाहेर येते, तेव्हा चोवीस तासांनी चळत उघडून सगळे कागद बदलावेत. पान त्या वेळी मऊ असते आणि सांगितलेले ऐकते, म्हणून राहिलेली सुरकुती काढण्याची ती शेवटची संधी समजावी. पुढे तीन-चार दिवस रोज आणि नंतर एक दिवसाआड कागद बदलले, की पातळ पाने आठवड्याभरात आणि जाड पाने दोन आठवड्यांत तयार होतात. तयार झाले हे ओळखण्यासाठी पान देठाने उचलून आडवे धरावे आणि मग गालाला लावावे. ते ताठ राहिले आणि गार लागले नाही, तर वाळले. गार लागले, तर आत अजून ओल आहे. घाई असेल, तर दोन कागदांमध्ये पान ठेवून वाफ बंद केलेली, मध्यम तापलेली इस्त्री थोडा थोडा वेळ फिरवता येते. मायक्रोवेव्हचा मार्गही सांगितला जातो, परंतु त्यात पान करपायला काही सेकंद पुरतात, म्हणून मी त्याची शिफारस करणार नाही.

वनस्पती दाबून, वाळवून कागदावर चिकटवण्याच्या पद्धतीचे श्रेय सामान्यतः सोळाव्या शतकातील इटालियन वैद्य आणि वनस्पतिशास्त्राचे शिक्षक लुका गिनी यांना दिले जाते. त्या शतकातील काही संग्रह आजही टिकून आहेत, आणि ते टिकले त्यामागे काळोख, कोरडेपणा आणि किडीपासून बचाव एवढ्याच गोष्टी आहेत. आपल्या संग्रहालाही त्याच लागू पडतात. चौकटीत बसवून उन्हाच्या भिंतीवर टांगलेले लाल पान काही महिन्यांतच फिके पडू लागते, तेच बंद वहीत अनेक वर्षे रंग राखते. वहीचा कागद आम्लविरहित असावा. चिकटपट्टी काळाबरोबर पिवळी पडून निघते, म्हणून देठावर कागदाची बारीक पट्टी आडवी घालून ती पट्टीच चिकटवावी. किडीची शंका आल्यास वही हवाबंद पिशवीत घालून उणे १८ अंश सेल्सिअसच्या शीतकपाटात आठवडाभर ठेवावी, आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नये, नाहीतर थंड पानांवर हवेतील बाष्प जमते.

सपाट पान नको असेल, तर ग्लिसरीनचा उपाय आहे. एक भाग ग्लिसरीन आणि दोन भाग पाणी यांच्या मिश्रणात सुटी पाने काही दिवस बुडवून ठेवली, की ती लवचीक राहतात, मात्र रंग बहुधा तपकिरीकडे जातो. पूर्ण डहाळी करायची झाल्यास ती पाने रंगण्यापूर्वीच तोडावी लागते, कारण देठाशी सुटण्याचा थर तयार झाल्यावर पानापर्यंत मिश्रण चढत नाही.

रंग वेगळे करून पाहणे

एका पावसाळी दुपारी हा प्रयोग जरूर करावा. हिरवे आणि पिवळे पान वेगवेगळ्या काचेच्या पेल्यांत बारीक फाडून, बुडेल इतके आयसोप्रोपिल अल्कोहोल घालावे, पेले झाकून गरम पाण्याच्या ताटात अर्धा तास ठेवावेत आणि जवळपास कोणतीही ज्योत नसू द्यावी, कारण या द्रवाची वाफ पेट घेते. नंतर कॉफी गाळण्याच्या कागदाची पट्टी अशी लटकवावी, की तिचे फक्त टोक द्रवात बुडेल. तासाभरात हिरव्या पानाच्या पट्टीवर हिरव्याबरोबर पिवळा पट्टाही वेगळा चढलेला दिसतो. तो पिवळा रंग हिरव्या पानात लपलेला होता, हे वर लिहिले आहेच, पण डोळ्यांनी पाहिल्यावर ते वेगळ्या रीतीने पटते. मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी याच तत्त्वाने पानांतील रंगद्रव्ये खडूच्या भुकटीने भरलेल्या नळीत वेगळी केली आणि १९०६ मध्ये या पद्धतीला क्रोमॅटोग्राफी हे नाव दिले. लाल पानाचा रंग पाण्यातही उतरतो. गरम पाण्यात चुरडून घेतलेल्या त्या रसाचे दोन भाग करून एकात व्हिनेगर आणि दुसऱ्यात खाण्याचा सोडा घातला, तर पहिला अधिक लाल होतो आणि दुसरा निळसर किंवा हिरवट छटेकडे वळतो.

उरलेल्या पानांचे काय करावे

संग्रहात न बसलेली पाने जाळू नयेत. जाळीच्या पिंजऱ्यात किंवा भोके पाडलेल्या पिशवीत ती दाबून भरावीत आणि ओली ठेवावीत. पाने कुजवण्याचे काम मुख्यतः बुरशी करते आणि तिला घाई नसते, म्हणून जातीनुसार एक ते दोन वर्षे थांबावे लागते. ओकची पाने उशिरा कुजतात, बर्चची लवकर. पाने आधी थोडी चिरडून घेतली, तर वेळ वाचतो. शेवटी जे गडद, भुसभुशीत, मातीच्या वासाचे द्रव्य उरते त्यात अन्नद्रव्ये फारशी नसतात, कारण झाडाने ती गळण्यापूर्वीच काढून घेतलेली असतात. ते पाणी मात्र चांगले धरून ठेवते, तेव्हा खत म्हणून न वापरता कुंडीतील मातीत मिसळावे किंवा, ज्या झाडाच्या तारखा आपण वहीत लिहिल्या, त्याच्याच बुंध्याभोवती खोडाला न चिकटेल असे पसरावे.